अमेरिकेच्या रेडिओनं घेतलेलं नाव

परवा नातीनं मोबाइल माझ्या कानाशी धरला. "आजी, ऐक. अमेरिकेतली जुनी रेडिओ स्टेशनं. कुणीतरी सगळं साठवून ठेवलंय." आधी खरखर झाली, मग एक माणूस हसत हसत काहीतरी बोलू लागला. शब्द एकही कळला नाही, पण त्या खरखरीमागून आलेला तो हसरा सूर ऐकला आणि माझ्या हातातली वालाची शेंग खाली पडली. नात घाबरली. "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. चार माणसांत काही सांगणं मला आजही जमत नाही. म्हणून तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेतली आहेत आणि दुपारी नालवाडीचं हे घर रिकामं झालं की लिहीत बसते. चौथीपर्यंत शिकले. तेवढ्या अक्षरांत जे मावेल ते.

आमची भाजीची वाडी हिंगणीहून बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. त्या रस्त्यावर वाडी ती एकच. घर वाडीतच, मातीच्या भिंतींचं, वर कवेलूचं छप्पर. घरात बाबा, माय, बाबांची आई म्हणजे आमची बुढी, आणि मी. मोठा भाऊ जाम गावी हमरस्त्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला होता, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. आमचा दिवस आवाजांवर चालायचा. पहाटे विहिरीवरच्या इंजिनाची फटफट, मग मायच्या हाताखाली ज्वारीच्या भाकरीचा थपथप आवाज, मग बुढीचा खोकला. दुपारी माय आणि मी सांबाराच्या जुड्या बांधायचो. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. केळीच्या सोपानं, म्हणजे वाळल्या सालीच्या पट्टीनं, जुडी बांधताना माय हळू आवाजात गुणगुणायची आणि कोणाची चाहूल लागली की एकदम गप्प व्हायची. संध्याकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या जाळावर वांगी भाजायची, त्यांची साल तडतडायची. तो वास आला की कुठूनही भूक लागायची. आता गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. सून म्हणते, येतो. येत असेल.

बाबा फार कमी बोलत. रागीट होते असं नाही, पण घरातल्या बायकांशी बोलायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. जेवताना भाकर हवी असली तर ते मागत नसत. ताटाच्या काठाला बोटानं टिचकी मारत. एक टिचकी म्हणजे भाकर, दोन म्हणजे पाणी. टिचकी वाजायच्या आत मायचा हात निघालेला असायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

रेडिओ भावानं आणला. एका ट्रकवाल्यानं जुना झाला म्हणून त्याला देऊन टाकला होता, त्यानं तो दुरुस्त करून घेतला आणि एका रविवारी एसटीतून मांडीवर घेऊन आला. कोनाड्यात त्याला जागा झाली. मी त्यावर घालायला दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं. काटा फिरवता फिरवता एके दिवशी अमेरिकेचं स्टेशन लागलं. अमेरिकेचं, पण बोलत होते हिंदीत. बोलणाऱ्याचं नाव प्रीतमजी. दर रविवारी दिवेलागणीला ते त्या देशातल्या जुन्या रेडिओवाल्यांच्या गोष्टी सांगत आणि मधून त्यांचे मूळ आवाजही ऐकवत. त्या देशात म्हणे गावोगावी रेडिओ स्टेशनं होती आणि प्रत्येक स्टेशनचा एक माणूस असा, की त्याचा आवाज लोकांना घरच्या माणसासारखा ओळखू यायचा. एक जण पहाटे चारला उठून शेतकऱ्यांना डुकरांचे भाव सांगायचा आणि भाव पडले तर स्वतःच रडवेला व्हायचा. तो बाबांना आवडला.

"डुकरायचे भाव रेडिओवर!" बाबा म्हणाले. "अन् आपल्या वांग्याले कोणी इचारत नाई."

"त्या डुकरायले ऐकू गेलं तं पयून जातीन ना," बुढी म्हणाली. बाबा हसले. रेडिओ आल्यापासून बाबा कधीमधी हसायला लागले होते.

शेजारच्या वावरातली ठमाकाकू दर रविवारी ऐकायला यायची. येताना मूठभर भुईमुगाच्या शेंगा आणायची आणि सगळ्या स्वतःच खाऊन जायची.

आणि एका रविवारी रेडिओवर नेलीबाई आली. मक्याच्या मुलखातली ही शेतकऱ्याची बायको. स्टेशनवाल्यांनी थेट तिच्या स्वयंपाकघरापर्यंत तार ओढून दिली होती. ती रोज सकाळी स्वयंपाक करता करता बोलायची. आज काय शिजवते आहे, कोंबडी कुठे अंडं घालून आली, दाराची कडी कशी बिघडली. प्रीतमजींनी तिचा आवाज ऐकवला. मागे भांडं वाजलं, दार आपटलं, कोणीतरी पुरुष काहीतरी मागायला आला आणि ती त्याला हसून काहीतरी म्हणाली. हे सगळं रेडिओवर, साऱ्या मुलखाला ऐकू जात होतं. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होतो. चुलीपुढून माय बोलली. ती रेडिओबद्दल कधी काही बोलत नसे.

"तिचा नवरा काई म्हनत नाई तिले?"

ठमाकाकू एवढी हसली की शेंगाचा दाणा तिच्या नरड्यात अडकला. माय पुन्हा भाकर थापायला लागली.

शेवटी प्रीतमजी म्हणाले, बहनांनो, तुमच्या रसोईत अशी तार ओढली तर जगाला काय ऐकू येईल? लिहून कळवा. पत्ता त्यांनी दिल्लीचा सांगितला, तिथून पत्रं पुढे जात. तो पत्ता मी कोळशानं भिंतीवर लिहिला आणि पाठ झाल्यावर पुसून टाकला.

मला कोणाशी बोलता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. ठमाकाकूची सगळी पत्रं मीच लिहीत असे आणि तिचं एक अंतर्देशीय पत्र माझ्याजवळ उरलं होतं. प्रश्न होता नावाचा. लग्न न झालेल्या मुलीनं परक्या पुरुषाला पत्र लिहायचं आणि त्याखाली आपलं नाव घालायचं, हे माझ्या हातून होणारं नव्हतं. मी मनात आलेलं कोणतंही नाव घेऊ शकले असते. पण मला वाटलं, खोटं का होईना, कुठेतरी लिहिलेलं नाव असावं. आमच्या घरातली निम्मी भांडी दुसऱ्यांच्या नावांची होती. बुढीनं ती सेलूच्या बाजारातून मोडीची घेतली होती. गंज म्हणतात त्या पातेल्यावर एका मारोतरावाचं नाव, परातीवर कोण्या काशीबाईचं. त्यांना आम्ही नावानंच ओळखायचो. बुढी म्हणायची, "मारोतरावाले घासून ठेव." पाणी भरायच्या पितळी घागरीच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलं होतं, 'चि. वेणू हिस'. पुढचं झिजलं होतं. हीही अशीच कोणीतरी, असं मी धरून चालले. मी वेणूबाई झाले.

वेणूबाई होऊन लिहायला लागले तर हात थांबेना. माझ्या रसोईत तार ओढली तर काय ऐकू येईल ते सांगते, असं लिहिलं. पहाटे इंजिन, मग भाकर, मग सासूबाईंचा खोकला. आमचे घरधनी भाकर मागत नाहीत, ताटाला टिचकी मारतात. एक टिचकी भाकरीची, दोन पाण्याच्या. मी जुड्या बांधताना गाणं म्हणते, पण कोणी आलं की थांबते, म्हणून ते तुमच्या तारेत येणार नाही. मला कारल्याची भाजी आवडत नाही. लग्न झाल्यापासून करते, पण आवडते का म्हणून कोणी विचारलं नाही. हे शेवटचं मी पाहिलेलं होतं. कारलं केलं की माय शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून खायची आणि भाजी पुरली नाही म्हणायची. पत्ता मात्र मी खरा घातला, बोर धरणाच्या रस्त्यावरची भाजीची वाडी, हिंगणी. पत्ता खोटा घालायचा असतो हे मला सुचलंच नाही. गिरणीत दळण टाकायला गेले तेव्हा पत्र लाल पेटीत टाकलं आणि पळत घरी आले.

पुढे किती रविवार गेले ते आठवत नाही. एका रविवारी बाबा जेवायला बसले होते. वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. बुढी दाराशी, ठमाकाकू शेंगा सोलत. माय तव्यासमोर. प्रीतमजी म्हणाले, "अब एक चिट्ठी, जिसे पढ़कर हम सब चुप हो गए. लिखती हैं वेणूबाई, हिंगणी, ज़िला वर्धा से."

मी भिंतीला चिकटले. पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. माय चुलीपुढे उभी राहिली होती. उठली कधी ते कोणी पाहिलं नाही. हातात उलथनं तसंच, तोंड रेडिओकडे. प्रीतमजी वाचत होते, मी मराठीत लिहिलेलं हिंदीत करून, इतकं सावकाश की एकेक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. इंजिन. भाकर. खोकला. टिचकी. तेव्हा बाबांचं बोट ताटाच्या काठावरच होतं. ते तिथेच राहिलं. मग कारलं. मध्ये दोनदा त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं, "वेणूबाई, आपने सच लिखा," आणि तव्यावरची भाकर जळली. आमच्या घरात भाकर जळलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

पहिली बोलली ती बुढी. "वेणू? हे नाव तं म्या लग्नातच पुसलं होतं. तांदयाच्या ताटात कौसल्या लिवून घेतलं होतं. या अमेरिकेवाल्याले कोनं सांगतलं?"

 माय म्हणजे कौसल्या, एवढंच मला माहीत होतं; वेणू हे तिचं माहेरचं नाव होतं. मायचे आईबाप तिच्या लग्नानंतर लगेच, एकाच उन्हाळ्यात गेले. भाऊबहीण नव्हते. त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते नाव माझ्या कानावर कधी पडलंच नाही. घागर मोडीची नव्हती. ती तिच्या बापानं दिली होती. एवढी वर्षं ती आपलं नाव डोक्यावर घेऊन पाणी भरत होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

बाबांनी उठून रेडिओ बंद केला. "कोनापासून लिवून घेतलं?"

मी बोलायला हवं होतं. घरात लिहिता येणारी मी एकटीच होते, बाबांच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नसता. पण ते मायकडेच पाहत होते आणि मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

"म्या सांगतलं," माय म्हणाली. "लिवनाऱ्याले मधात आनू नका."

"घरच्या गोष्टी जगाले सांगतं? काऊन?"

मायनं जळलेली भाकर तव्यावरून काढली.  ठमाकाकू शेंगा तशाच टाकून निघून गेली, त्यावरूनच समजलं की सकाळपर्यंत सगळ्या हिंगणीला कळणार.

कळलंच. हापशीवर बायका मायला विचारायच्या, "काहो वेणूबाई, आज कारलं केलं का?" सेलूच्या बाजारात बाबांच्या शेजारी बसणाऱ्या एका भाजीवाल्यानं त्यांना पाहून तराजूच्या पारड्याला टिचकी मारली आणि सगळी ओळ हसली. बाबा त्या दिवशी अर्धी वांगी तशीच घेऊन घरी आले. रेडिओ पोत्यात बांधून आढ्याला टांगला. मग मायकडे न पाहता म्हणाले, "माहेर असतं तं आजच धाडून दिली असती."

 मी जुडी बांधत होते, सोप हातातच तुटला. तिला माहेर नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

त्यानंतर घरात जेवणाचीच पंचाईत झाली. बाबा आता टिचकी मारीनात. आणि मागायची त्यांना सवय नव्हती. पहिली भाकर संपली की रिकाम्या ताटाकडे पाहत बसत. मायही आपण होऊन वाढत नसे, हे त्याहून नवल. दोघंही बसून राहत, मध्ये टोपलीत भाकरी. मग बाबा हात धुऊन उठत. बुढी म्हणायची, "अरे, पोट तं तुयंच हाय ना बाप्पा, त्याच्याशी काऊन रुसून राह्यला?"  रोज ठरवायची, आज सांगते. रोज तोंड उघडायचं नाही.

मग एका सकाळी पोस्टमन आला. सायकल वाडीच्या फाटकाला टेकवून त्यानं हाक मारली. बाबा मिरचीच्या वाफ्यात पाणी वळवत होते, मी बांधावर सांबार निवडत होते.

"रजिस्टर हाय, जाडजूड. वेणूबाई, भाजीची वाडी. कोन हाय तुमच्यात वेणूबाई?" तो हिंगणीचाच होता, त्याला सगळं ठाऊक होतं. पण कागदावर तसं विचारावं लागतं.

बाबा वाफ्यातून वर न पाहता म्हणाले, "या नावाचं कोनी नाई इथं."

"मंग वापस लिवू का?" त्यानं कानावरची पेन्सिल काढली.

ती पेन्सिल मला अजून दिसते. लाल, दोन्हीकडून टोक केलेली. ती कागदाला टेकली असती तर मायचं ते नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं असतं, आणि या वेळी माझ्यामुळे. मी उभी राहिले. मांडीवरचा सगळा सांबार चिखलात पडला. "बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "पत्र म्या लिवलं. मायले मालूम बी नव्हतं. नाव घागरीवरचं घेतलं. मले वाटलं मोडीची हाय."

बाबांनी फावडं खाली ठेवलं. माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू वाडीतलं एखादं झाड बोललं होतं. पाणी वाफा फोडून रस्त्याकडे वाहायला लागलं, तेही त्यांना दिसलं नाही. "कारलं?" एवढंच ते म्हणाले. "तेबी तुनंच...?"

"म्या पाह्यलं," मी म्हणाले.

घरातून माय आली. परक्या माणसासमोर ती कधी बाहेर येत नसे. हाताला कणीक तशीच, डोक्यावर पदर. सरळ फाटकापाशी गेली. "हाय," ती म्हणाली. "वेणू मीच हो. आना इकडं."

पोस्टमन बाबांकडे पाहायला लागला.  "सही येते का?" मग त्यानं मायला विचारलं. मायनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं शाईची डबी काढली, पण कागदाखाली धरायला काही नव्हतं, कागद वाऱ्यानं उडत होता. तेव्हा बाबा पुढे आले आणि त्यांनी चिखलाच्या हातानं कागदाचं एक टोक सायकलच्या सीटवर दाबून धरलं. मायनं अंगठा उठवला. त्या कागदावर कणीक, चिखल आणि शाई, तिन्ही लागलं. पोस्टमन म्हणाला, "झालं वेणूबाई," आणि निघून गेला.

पाकिटात एक मोठं चित्रांचं कॅलेंडर होतं, मक्याची शेतं, लाल रंगाचे गोठे. सोबत प्रीतमजींचं चार ओळींचं पत्र. मी वाचून दाखवलं. आमच्या स्टेशनवर नेलीबाईनंतर असं स्वयंपाकघर ऐकलं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मायनं फक्त पत्राची सुरुवात तीनदा वाचायला लावली. सुरुवातीला तिचं नाव होतं.

त्या संध्याकाळी पुन्हा तेच. पहिली भाकर संपली. बाबा ताटाकडे पाहत बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "तुले कारलं नाई आवडत?"

"नाई," माय म्हणाली.

"एवढे वर्स सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

बुढीला खोकल्याची उबळ आली. ती खरी होती की हसू लपवायची, ते मला आजही ठरवता येत नाही. बाबांनी ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाले, "भाकर दे व." मायनं दिली. रेडिओ दुसऱ्या दिवशी पोत्यातून निघाला. अमेरिकेच्या स्टेशनवर ते नाव पुन्हा कधी आलं नाही, पण दर रविवारी त्या वेळेला माय चुलीचा जाळ कमी करून ऐकत बसायची.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, नालवाडीच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी. मांडवात तांदळाचं ताट आलं, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. सासरच्यांनी नाव ठरवून आणलं होतं, चांगलं होतं, सिनेमातल्यासारखं. भटजींनी विचारलं, "लिहायचं ना?" मी खाली मान घालून बसले होते. या वेळीही माझ्या तोंडून काही निघणार नव्हतं. एवढ्यात ताटाच्या काठावर टिचकी वाजली. एकच. मी दचकून वर पाहिलं. बाबा होते.

"सिंधू हाय तिचं नाव," ते म्हणाले. "हाय तेच राहू द्या."

 सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो जरा थांबला, मग तांदूळ सारखे करून त्यानं अंगठी टेकवली. मागे कुठेतरी माय उभी होती, मी वळून पाहिलं नाही. मी ताटात पाहत होते. तांदळातली अक्षरं नीट उमटत नाहीत, फिस्कटतात. पण चौथीपर्यंत शिकले होते. मला ती वाचता आली.